मॉडेल कारची पिळलेली बॉडी सरळ कशी करायची

किटचा, म्हणजे सुटे भाग जोडून मॉडेल बनवायच्या संचाचा, खोका उघडून १/२४ ची (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी) बॉडी काचेवर ठेवली आणि ती एक खूर तोकडा असलेल्या बाजेसारखी डुगडुगली, तर पहिल्यांदा हात शिवशिवतात ते तिला पकडून उलट दिशेने पिळायला. तेवढं टाळा. थंड प्लास्टिक हाताने वाकवलं की तेवढ्यापुरतं ऐकतं आणि तासाभरात आपल्या जागी परततं. नाहीच परतलं, तर समोरच्या काचेच्या बाजूचा बारीक पिलर वाकल्या जागी पांढरा पडलेला असतो किंवा तुटून हातात आलेला असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. प्लास्टिकचा पीळ मात्र न जाळता, बेताने तापवलं की जातो. जाळलं तर सुंभच उरत नाही.

सगळ्या दुरुस्तीचा क्रम एका ओळीत मावतो: आधी बांधायचं, मग तापवायचं, मग बांधलेलं असतानाच थंड करायचं. बॉडी सरळ होते ती थंड होताना, त्यामुळे शेवटच्या भागात घाई केली तर आधीची मेहनत पाण्यात जाते. हाताचं काम पाऊण तासाचं, वाट बघणं एका रात्रीचं.

बाक येतो कुठून

किटची बॉडी बहुधा पॉलिस्टायरीनची असते. वितळलेलं प्लास्टिक जोराने साच्यात भरतात आणि थंड झालं की बाहेर काढतात. बॉडीची भिंत जेमतेम मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरची, पिलर बारीक, बंपरच्या कोपऱ्यात जाडी जास्त. हे सगळं एकसारख्या वेगाने थंड होत नाही, म्हणून आत ताण अडकून राहतो. साच्यातून जरा लवकर निघाली, किंवा खोक्यात चॅसिसचे (गाडीच्या तळाचे) भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात तिच्याखाली महिनोन्महिने दाबून राहिली, की तो ताण बॉडीला एका बाजूला ओढून घेतो.

आपल्याकडे त्यात ऊन येतं. पण नुसत्या हवेला दोष देऊन चालत नाही. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता; तेवढ्यानेही सावलीत ठेवलेली बॉडी वाकत नाही. पॉलिस्टायरीन पूर्ण सैल पडतं ते १०० अंशांच्या आसपास, आणि दाब असेल तर साधारण ७०-८० पासून नमायला लागतं. घात होतो तो बंद जागेत. दुपारभर उन्हात उभी असलेली पार्सलची गाडी, मोटरसायकलची काळी डिक्की, टिनाच्या छपराला लागून असलेला माळा. तिथलं तापमान बाहेरच्या हवेच्या कितीतरी वर जातं, आणि आधीच ताणात असलेली बॉडी तासन्‌तास त्या उष्णतेत, वर वजन घेऊन पडली की हळूहळू सरकते. तालुक्याच्या गावाहून खेड्यावर येणाऱ्या पार्सलचा शेवटचा टप्पाच सगळ्यात तापलेला असतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये किट मागवणं शक्यतो टाळलेलं बरं.

ओलीने मात्र ही बॉडी वाकत नाही. पॉलिस्टायरीन पाणी जवळजवळ पीतच नाही. त्यामुळे पावसाळ्याला किंवा कूलरच्या दमट हवेला बोल लावू नका.

आधी नीट मोजा

काचेच्या दुकानातून ५ मिमी जाडीचा, ३० बाय २० सेंटीमीटरचा तुकडा कडा घासून आणा. ओट्याची फरशी, पाट, टेबल यांतलं काहीही डोळ्याला दिसतं तेवढं सपाट नसतं.

मोजण्याआधी बॉडीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. फ्रेमपासून तोडताना राहिलेले खुंट किंवा साच्याच्या फटीतून आलेली पातळ झालर बॉडीला एका कोपऱ्यावर उचलून धरते. पिळलेली म्हणून बाजूला ठेवलेली बॉडी कधीकधी नुसती खुंट घासल्यावर काचेवर शांत बसते.

आता बॉडी काचेवर ठेवून समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने हलकेच दाबा. ती तिरक्या रेषेवर झुलत असेल, म्हणजे पुढचा डावा दाबला की मागचा उजवा उचलतो आणि तो दाबला की पुढचा डावा उचलतो, तर तो पीळ. मागचा उजवा कोपरा दाबून धरा आणि उचललेल्या पुढच्या डाव्या कोपऱ्याखाली कागदाचे तुकडे सरकवत जा. झेरॉक्सचा साधा ७५ जीएसएमचा ए-फोर कागद जवळपास ०.१ मिमी जाड असतो. आठ कागद मावले तर फट ०.८ मिमी. गावातल्या मोटरसायकल मिस्त्रीकडे फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, असतं. पाच मिनिटांसाठी मिळालं तर उत्तम. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

झुलत नाही पण दोन्ही टोकं टेकून मधला भाग उचललेला दिसतो, किंवा मध्ये टेकून टोकं वर, तर तो बाक. इथे एक काळजी घ्या. खऱ्या गाडीचीच खालची कड सरळ नसते. पुढचा बंपर खाली आणि दारांखालची पट्टी वर असू शकते. म्हणून काचेपासूनचं अंतर एकटं बघू नका, डावी बाजू उजवीशी ताडून पाहा. दोन्हीकडे सारखं असेल तर बहुधा ती गाडीची मूळ ठेवणच आहे.

नंतर व्हर्नियरने दारांखालच्या दोन पट्ट्यांमधलं आतलं अंतर तीन ठिकाणी घ्या: पुढच्या चाकामागे, मधोमध, मागच्या चाकापुढे. मधलं माप कमी भरलं तर कडा आत दबल्या आहेत. खरं माप कोणतं ते चॅसिस सांगेल, म्हणून तीही त्याच तीन ठिकाणी मोजा. १८०० मिमी रुंदीची गाडी या मापात ७५ मिमीची होते. त्यात १ मिमीची चूक म्हणजे खऱ्या गाडीचं दार दोन-अडीच सेंटीमीटर आत गेलेलं. इतकं कुणाच्याही डोळ्याला खुपतं.

जोडलेल्या मॉडेलचं एक चाक हवेत असेल तर आधी बॉडी आणि चॅसिस वेगळी करून दोन्ही स्वतंत्र तपासा. दुखणं चॅसिसचं आणि औषध बॉडीला, असा घोळ इथे फार होतो.

प्लास्टिकची जात ओळखा

फ्रेमवर बहुधा पीएस (पॉलिस्टायरीन) किंवा एबीएस अशी अक्षरं उठवलेली असतात. नसतील तर फ्रेमचा बोटभर तुकडा साध्या पाण्यात टाका आणि त्याला चिकटलेले बुडबुडे झटका. तो बुडायला हवा. मग पेलाभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत ढवळा, १०० मिलिलिटरला सुमारे ३५ ग्रॅम लागतं. त्या खाऱ्या पाण्यात तुकडा तरंगला तर तो पॉलिस्टायरीन किंवा एबीएस. साध्या पाण्यातच तरंगला तर पॉलिप्रॉपिलीनसारखं काहीतरी. त्याला ना किटचा सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) धरत ना रंग. खाऱ्या पाण्यातही बुडालं तर पीव्हीसी किंवा थ्रीडी प्रिंटचं पीएलए असण्याची शक्यता मोठी.

हे ओळखणं चैनीचं काम नाही. पीएलए ६० अंशांतच लोळतं. रेझिनची बॉडीही साधारण तेवढ्यावर नरम पडते. उलट रिमोटच्या गाड्यांची पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. पुढचं सगळं पॉलिस्टायरीनसाठी आहे. एबीएसला तोच क्रम चालतो, फक्त ते सुटायला जास्त वेळ घेतं.

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या गाड्यांच्या शोरूममध्ये जाहिरातीसाठी मिळणारी बरीच मॉडेल सेल्युलोज ॲसिटेटची होती. ते प्लास्टिक वयाबरोबर आपोआप आक्रसतं आणि वाकतं. गरम पाण्याने ते आज सरळ होईल आणि पुन्हा वाकेल. तसं मॉडेल हाती आलं तर आहे तसंच जपा.

सामान

यातलं निम्मं घरात आहे. तीन-चार लिटरचा स्टीलचा गंज (पातेलं), एक खोल परात, थंड पाण्याचा टब. १५० अंशांपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर घ्यावाच. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही. सुताराकडून सागवानाची सपाट रंधलेली फळी, २५ बाय १२ सेंटीमीटर आणि १५ ते २० मिमी जाड. एमडीएफ घेऊ नका, पहिल्याच बुडीत ते फुगून पोळीसारखं होतं. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या १ सेंटीमीटर रुंदीच्या कापलेल्या पट्ट्या: दोऱ्याने प्लास्टिक कापतं, चिकटपट्टी गरम पाण्यात सुटते, ट्यूब मात्र सारखा दाब देते आणि ओलीत टिकते. बांबूच्या कमच्या. आणि जुना एक्स-रे. त्याची फिल्म जवळपास ०.२ मिमी जाडीची असते आणि कागदासारखी भिजून फुगत नाही, म्हणून कोपऱ्याखाली घालायच्या पट्ट्यांसाठी तिच्यासारखं दुसरं काही नाही.

काच फक्त मोजायला. गरम पाण्यात घालायची नाही, तडकते.

हेअर ड्रायर आणि हीट गन बाजूलाच ठेवा. ड्रायरचा झोत एका जागी किती तापवतो ते कळत नाही, आणि पातळ पिलर दार तापायच्या आधीच लोळतो. पाणी सगळीकडे सारखं तापवतं आणि १०० च्या पुढे जाऊच शकत नाही, हीच त्याची भलाई.

पाणी किती गरम

एकच आकडा सांगता येत नाही, कारण प्रत्येक कंपनीचं प्लास्टिक थोडं वेगळं. आकडा किटच सांगतं, स्प्रूकडून, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या त्या फ्रेमकडून, विचारून घ्यायचा. त्याच किटच्या फ्रेमची १० सेंटीमीटरची सरळ दांडी कापा, हलकेच धनुष्यासारखी वाकवून टोकांना दोरा बांधा. ६५ अंशांच्या पाण्यात ३ मिनिटं, मग बांधलेलीच गार पाण्यात २ मिनिटं. दोरा सोडा. दांडी सरळ झाली तर पाणी कमी गरम होतं. नवी दांडी घेऊन ७० ला, मग ७५ ला करा. सोडल्यावर अर्ध्याहून जास्त बाक टिकला की ते तुमचं तापमान. बहुतेक किट ७० ते ७८ मध्ये कुठेतरी बोलतात. ८० च्या वर जाऊ नका; त्यापुढे चूक सुधारायला वेळच मिळत नाही.

थर्मामीटर मिळालाच नाही तर मिसळणीचा हिशोब आहे. विदर्भाच्या बऱ्याच भागात, समुद्रसपाटीपासून ३०० मीटरवर, पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. उकळतं पाणी दोन भाग आणि ३० अंशांचं पाणी एक भाग मिसळलं की ७६ होतात. त्यातले तीन-चार अंश गंज खातो. समसमान मिसळलं तर ६४-६५. पण थंड पाणी कोणतं, ते बघा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चाळिशीच्या पुढे असतं, त्याने सगळा हिशोब चुकतो. माठातलं किंवा विहिरीतून ताजं काढलेलं घ्या.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मिलिमीटरभर जाडीची भिंत पाण्यात बुडाली की काही सेकंदांतच पाण्याएवढी तापते. मिनिटं लागतात ती आत अडकलेला ताण सुटायला. म्हणून कमी पडलं तर आधी वेळ वाढवा आणि मग अंश.

पीळ काढणं

बॉडी रंगवलेली नसावी. रंगवलेली असेल तर रंग तडकेल किंवा मऊ पडून पट्ट्यांचे ठसे घेईल. आधी रंग काढा. क्रोम केलेले आणि पारदर्शक भाग वेगळे करा. विंडशील्डच्या चौकटीत किंवा दोन कडांमध्ये कंपनीने ओतलेली आधाराची दांडी असेल तर ती सरळ झाल्यावरच कापा, आधी नाही.

फळीवर बॉडी तिच्या सरळ स्थितीत बांधायची आहे. पण ट्यूबची पट्टी छतावरून घेतली तर पाणी लागताच छत बसेल. पट्ट्या दोनच जागी घ्यायच्या: पुढे बॉनेट आणि काच जिथे मिळतात तिथून, मागे डिक्कीवरून. आत लाकडी ठोकळा ठेवा, छताच्या अगदी खाली पोहोचेल इतका उंच, वरून जुन्या सुती कापडाची एक घडी. थर्माकोलचा ठोकळा नको. तोही पॉलिस्टायरीनच, बॉडीच्या आधी तोच दबेल.

पट्टीचा ताण किती? कोपरे फळीला टेकतील इतपतच. बोटाने पट्टी उचलली तर ती सहज दोन-तीन मिमी उचलली जायला हवी. बांधून झाल्यावर दाराकडे बाजूने बघा. पट्टीखाली पत्रा दबल्यासारखी खळ दिसत असेल तर सैल करा.

गंज पेटत्या गॅसवर किंवा चुलीवर असताना बॉडी घालायची नाही. पाणी ठरलेल्या अंशांवर आणा, गंज खाली उतरवा, तळाशी दुमडलेला टॉवेल घाला. फळी तरंगते, म्हणून तिला खालून एखादा दगड बांधा किंवा वरून उलथन्याने दाबून धरा. बॉडी एका बाजूने तिरकी सोडा म्हणजे छताखाली हवा अडकत नाही; अडकली तर तेवढी जागा कोरडीच राहते. वर झाकण. ७५ ला ३ मिनिटं, ७० ला ५ ते ६, ६५ ला १० तरी. मध्येच काढून बघण्याचा मोह आवरा.

आता फळीसकट सरळ माठाच्या पाण्याच्या टबात. बर्फ नको, एकदम आवळलं की नवा ताण आत बसतो. ५ मिनिटांनी बाहेर काढा, पाणी निथळू द्या आणि तशीच बांधलेली रात्रभर घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा.

सकाळी पट्ट्या सोडून काचेवर मोजा, संध्याकाळी पुन्हा मोजा. समजा ०.८ मिमीची फट होती आणि ०.३ उरली. हे अपयश नव्हे. प्लास्टिक थोडं परततंच, आणि किती परततं तेही आता कळलं. दुसऱ्या खेपेला तेवढीच उलट भरपाई करायची. बॉडी ज्या दोन कोपऱ्यांवर झुलते, त्या दोघांखाली उरलेल्या फटीच्या निम्म्या जाडीची पट्टी घाला, म्हणजे इथे प्रत्येकी ०.१५, एक्स-रेचा एकेरी तुकडा पुरतो. उचललेले दोन कोपरे फळीला टेकवूनच बांधा. पुन्हा तोच वेळ, तेच तापमान. यापेक्षा जास्त भरपाई एका दमात करू नका. उलट्या बाजूला पिळलेली बॉडी परत आणताना प्लास्टिक तिसऱ्यांदा तापतं, आणि दर तापवण्याला दारांच्या रेषा थोड्या बोथट होतात. ०.२ पर्यंत आली की थांबा. बाकीचं चॅसिस ओढून घेते.

दारांखालच्या कडा आत दबल्या असतील तर

हा दोष सगळ्यात जास्त आढळतो आणि काढायला सगळ्यात सोपा. बांबूची कमची चॅसिसच्या मापापेक्षा १ मिमी लांब कापा, टोकं घासून गोल करा. बांबू भिजून लांबीत फारसा वाढत नाही, रुंदीत वाढतो, म्हणून तो उभ्या धाग्यानेच आडवा लावायचा. टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला तर दाराच्या आतून टोक उमटत नाही, पण मग त्याची जाडी मापातून वजा करा. मधोमध एक, लागल्यास पुढे-मागे अजून दोन.

इथे गंज नको, परात घ्या. दारांच्या निम्म्या उंचीपर्यंतच पाणी पोहोचायला हवं, साधारण दोन-अडीच सेंटीमीटर. पिलर आणि छत कोरडेच राहतात, मग ते नमतील कशाला? परातीतलं उथळ पाणी पटकन निवतं. बाजूला उकळतं पाणी ठेवून दर मिनिटाला एक पळी कडेने सोडत राहा आणि थर्मामीटर आत असू द्या. पळी कधीही बॉडीवर ओतू नका. ३ मिनिटांनी परातीतून उचलून तशीच गार पाण्यात.

कडा बाहेर फाकल्या असतील तर कमचीऐवजी बाहेरून ट्यूबची पट्टी, आणि आत चॅसिसच्या मापापेक्षा अर्धा मिमी कमी रुंदीचा ठोकळा.

बॉनेट, छत, पिलर

सुटं बॉनेट सपाट नसतं, त्याला मुळातच थोडी फुगवटी असते. दोन फळ्यांत दाबलं तर बाक जाईल आणि बॉनेटही जाईल. ज्या ओळीत ते बसतं त्या फेंडरच्या कडेचा आकार पोस्टकार्डावर उतरवून कापा आणि ताडून पाहा. जिथे फरक आहे तेवढाच भाग रबरी हातमोजे घालून ७० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून हलकेच नमवा, लगेच गार पाण्यात. दोन-तीन खेपा लागतील.

छत अर्ध्या मिमीपेक्षा कमी बसलं असेल तर तापवण्याच्या फंदात पडू नका, पुट्टी भरून घासणं स्वस्तात पडतं. त्याहून जास्त असेल तर आतून आकार दिलेला ठोकळा लावून सगळी बॉडी बुडवावी लागते, आणि तेव्हा चारही पिलर एकदम नरम पडतात. धोक्याचं काम आहे. पहिल्याच बॉडीवर नको.

पिलर वाकला असेल तर काचेच्या चौकटीत आडवी कमची अडकवून आकार धरा, गरम पाण्यात भिजवलेली सुती चिंधीची पट्टी फक्त त्या पिलरवर गुंडाळा, दर १५ सेकंदांनी बदला. पिलर तुटलाच तर फेविक्विकच्या थेंबावर विसंबू नका. तो कडक धरतो पण धक्का सोसत नाही, आणि त्याची वाफ जवळच्या पारदर्शक काचेवर पांढरी साय धरते. दोन्ही टोकांत ०.५ मिमीचं छिद्र ३ मिमी खोल पाडा, त्यात ०.५ मिमीची पितळी तार घाला आणि मग किटचा पातळ सिमेंट ब्रशने सोडा. छिद्रासाठी इलेक्ट्रॉनिक्सवाले वापरतात तो बारीक ड्रिल बिट पुश पेन्सिलच्या तोंडात पकडून बोटांनी फिरवला तरी काम होतं.

काय बिघडतं, का बिघडतं

पट्टीखाली चकचकीत खळगे उमटले तर पाणी जास्त गरम होतं किंवा पट्टी आवळली होती. पुट्टीने भरतात.

वाकल्या जागी पांढरी रेघ आली म्हणजे बॉडी थंड असताना किंवा पुरेशी तापण्याआधी वाकली. रंगाखाली रेघ झाकते, पण ती जागा कायमची कमजोर. पिलरवर असेल तर आतून तार घालून घ्या.

सगळ्यात वाईट प्रकार उकळत्या पाण्याचा. नव्वदीच्या पुढे, साच्यात भरताना ताणलं गेलेलं प्लास्टिक मागे आक्रसायला लागतं: बॉडी भरावाच्या दिशेने आखूड होते, भिंत जाड होते, दाराच्या रेषा मिटतात. त्याला इलाज नाही. ती बॉडी रंगाच्या चाचणीला ठेवा.

सरळ झालेली बॉडी आठवड्याभरात पुन्हा वाकली, तर बहुतेक वेळा ती बांधलेल्या अवस्थेत पुरेशी थंड झालेली नसते. क्वचित कारण वेगळं निघतं: आतला सीटचा टब किंवा डॅशबोर्ड बॉडीपेक्षा रुंद असतो आणि दर वेळी बसवला की दारं बाहेर ढकलतो. टबाच्या दोन्ही कडा ०.२-०.३ मिमी घासल्या की भांडण मिटतं.

बसवणं आणि रंग

सुकल्यावर चॅसिस सिमेंट न लावता बसवून पाहा. ती बोटाच्या जोरावर बसायला हवी. दोन हातांनी दाबावी लागत असेल तर अजून एक खेप बाकी आहे. जोराने बसवलेल्या ताणात सिमेंट किंवा थिनर लागला की बारीक चिरा धावतात, आणि त्या नेमक्या पिलरच्या मुळाशी निघतात. पुन्हा आत दबू पाहणाऱ्या कडांसाठी कायमचा आधार द्या: स्प्रूची सरळ दांडी मापाने कापून सीटच्या टबाच्या खाली, दोन कडांमध्ये आडवी सिमेंटने चिकटवा. बाहेरून दिसत नाही, वजन शून्य.

पुट्टी आणि वॉटर पेपर डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात मिळतात. तिथली एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी चालते, पण एका थराला अर्धा मिमीच्या आत. जाड थराचा थिनर प्लास्टिक मऊ करतो आणि महिन्याभराने तिथे खड्डा बसतो. थर पूर्ण वाळल्यावर ४०० नंबरच्या पेपरने आकार, ६०० आणि ८०० ने ओरखडे, १००० वर थांबा. एम-सील मोठ्या खड्ड्याला ठीक आहे, दारावर मात्र तो प्लास्टिकपेक्षा कडक पडतो आणि घासताना त्याच्या बाजूचंच प्लास्टिक जास्त निघतं. दुकानातला एनसी थिनर उघड्या प्लास्टिकवर लावू नका, आणि कोणताही थिनर चुलीच्या जवळपास उघडू नका.

प्रायमर मारायचा तो उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. दुपारच्या कोरड्या हवेत थेंब बॉडीवर पोचायच्या आधीच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. भर पावसात उलट, रंगावर पांढरट छटा येते. स्प्रेचा डबा उन्हात ठेवायचा नाही. ५० अंशांची मर्यादा बहुतेक डब्यांवर छापलेली असते. प्रायमरनंतर बॉडी वाळायला गच्चीच्या फरशीवर किंवा टिनावर ठेवली तर केलेली सगळी दुरुस्ती उलटते. काळा प्रायमर उन्हात पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो, आणि त्या टिनावर दुपारी हात टेकत नाही.

ठेवायचं कुठे

माळा नको, पश्चिमेच्या भिंतीला लागलेलं गोदरेजचं कपाट नको, आणि टीव्हीमागचा कोनाडाही नको. पूर्वेच्या खोलीत, खालच्या फळीवर, खोका आडवा. न जोडलेल्या किटमध्ये बॉडी फ्रेमच्या गठ्ठ्याच्या वर ठेवा, खाली नाही; आत कमची तशीच अडकवलेली असली तरी हरकत नाही. जोडलेलं मॉडेल चाकांवर वर्षानुवर्षं उभं राहिलं की चॅसिस मधून झुकू शकते, म्हणून फळीवर दोन ठोकळे ठेवून चाकं अधांतरी राहतील असं बसवा. मृग लागला की एकदा काच काढा, बॉडी ठेवा आणि पूर्वी जो कोपरा उचलला होता, त्याच्याखाली कागद सरकवून बघा.